कुठेच न गेलेली प्रिंट

सिनेमा संपतो, दिवे लागतात, माणसं खुर्चीखाली सरकलेल्या चपला पायाने चाचपत उठतात आणि घरी जातात. सिनेमा मात्र त्यानंतर कुठे जातो, हे सहसा कुणी विचारत नाही. तो डब्यात जातो. पत्र्याच्या गोल, चपट्या डब्यात. एका सिनेमाचे असे बरेच डबे असतात. ते गाडीत बसून पुढच्या गावच्या थिएटरला जातात, तिथून त्याच्या पुढच्या, आणि फिरून फिरून दमले की गोदामात परत येतात.

हे गोदाम म्हणजे रस्त्याकडे पाठ करून उभी असलेली एक लांब, बुटकी इमारत. पुढे गाड्या लागायचा ओटा, ओट्यावरून आत गेलं की तपासणीची खोली आणि तिच्यामागे जाड दाराची कोठी. फिल्मला उकाडा सोसत नाही म्हणून कोठीत बाराही महिने गारवा ठेवलेला. आत जाताना मामा स्वेटर घालायचे आणि बाहेर येताना काढायचे. दिवसभर त्यांचं हेच चाले, आणि त्यावरून गोदामात त्यांची यथेच्छ थट्टा होई.

तपासणीच्या खोलीत ताई बसायची. वयाने ती काही सगळ्यांची ताई नव्हती, पण गाडीवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिच्यासमोर एक टेबल आणि टेबलावर दोन चकत्या. डाव्या चकतीवरची फिल्म उजव्या चकतीवर गुंडाळत न्यायची आणि जाता जाता ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायची, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. पण फिल्मच्या दोन्ही कडांना ओळीने भोकं असतात, त्यांत यंत्राचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. एखादं भोक फाटायला आलेलं असेल, कडेला खरचटलं असेल, कुणी घाईगर्दीत कसाबसा जोड मारला असेल, तर ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळावं लागतं. ताईच्या बोटांना ते कळे. शिवाय फिल्म कुठून आली तेही कळे. कापडगिरणीजवळच्या थिएटरातून आलेल्या फिल्मवर बारीक तंतू असत. बंदरावरच्या थिएटरातून फिल्म किंचित चिकट होऊन येई. एका थिएटरचं यंत्र तर डाव्या अंगाला केसाएवढी रेघ ओढून पाठवायचं. ताईने त्याचं नाव ‘डावखुरं’ ठेवलं होतं.

“डावखुऱ्याकडून आलास ना?” ती गाडीवाल्याला ओट्यावरच विचारी.

“डबा अजून उघडलाही नाही, ताई! कसं कळतं हो तुम्हाला?”

“हसत आलास. तिथला चहा चांगला असतो.”

कोठी मामांची. मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. तिला या कामात त्यांनीच आणलं, बोटांना नजर त्यांनीच दिली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी थिएटरात ऑपरेटर म्हणून यंत्रं चालवण्यात घालवली होती. अंधारात बसलेल्या माणसांना त्रास नको म्हणून तेव्हा जे हळू बोलायची सवय लागली, ती पुढे गेलीच नाही. बाजारात भाजीवालीलाही ते कुजबुजून भाव विचारत, आणि ती बिचारी काहीतरी गुपित असेल म्हणून जवळ वाकून ऐके. कोठीची एकुलती एक किल्ली त्यांच्याकडे असे. इतक्या वर्षांत त्या कोठीतून एक डबा हरवला नव्हता, एक डबा चुकला नव्हता. आता त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. ‘हात स्वच्छ ठेवून घरी जायचं, बास,’ असं ते म्हणत.

कोठीच्या अगदी आतल्या भिंतीशी, खालच्या फळीवर, ‘मास्तर’ होता. सिनेमाचं खरं नाव लांबलचक होतं. एका शाळामास्तराची आणि त्याच्या अबोल बहिणीची ती गोष्ट होती, म्हणून गोदामाने त्याला आपलं मास्तर म्हणून टाकलं. सिनेमा पडला होता, आणि पडला म्हणजे अगदी सपाट पडला होता. एका थिएटरात लागला, रिकाम्या खुर्च्यांसमोर थोडे खेळ झाले आणि उतरला. त्यानंतर कुणी मागितला नाही. या एका प्रिंटशिवाय त्याची दुसरी प्रिंटही उरली नव्हती.

न मागितलेल्या फिल्मचीसुद्धा देखभाल करावी लागते. ती तशीच पडून राहिली तर एकाला एक चिकटते, म्हणून अधूनमधून बाहेर काढून, मोकळी करून, पुन्हा गुंडाळून ठेवायची. अशीच एका सकाळी ताईने मास्तरची रिळं टेबलावर घेतली. पहिला डबा उघडला आणि ती थबकली.

सुतळीचा गुंडा डोळ्यांसमोर आणा. जे टोक आधी गुंडाळलं ते आत जातं, जे शेवटी गुंडाळलं ते बाहेर राहतं. फिल्मचंही तसंच आहे. ठेवताना सिनेमाची सुरुवात बाहेर ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी सरळ यंत्रावर चढवता येते. पण यंत्रावरून चालून उतरलेल्या रिळाचं उलट झालेलं असतं. सुरुवात आत गेलेली असते आणि शेवट बाहेर. म्हणून शेवट बाहेर दिसला की तपासणाऱ्याने एकच समजायचं : हे रीळ नुकतं कुणीतरी पाहिलं आहे.

मास्तरच्या पहिल्या रिळाचा शेवट बाहेर होता. दुसऱ्याचाही. सगळ्यांचाच.

‘माझीच चूक,’ ताईच्या मनात आलं. मागच्या वेळी गुंडाळताना लक्ष नसेल. तिने सगळी रिळं नीट फिरवली, सुरुवात बाहेर काढली, डबे बंद केले आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

काही आठवड्यांनी दुसऱ्याच एका सिनेमाचे डबे शोधताना तिने सहज मास्तरचं झाकण उचललं. शेवट बाहेर होता.

या वेळी तिने रीळ टेबलावर आणलं आणि चिमटीत धरलं. भोकांच्या कडा मऊ लागल्या. कोरी फिल्म बोटाला करकरीत लागते. खूप चाललेली फिल्म वापरलेल्या सुती साडीच्या काठासारखी लागते. ही तशी लागत होती. मात्र तिच्यावर एक रेघ नव्हती, तेलाचा ठिपका नव्हता, धूळ नव्हती. एवढ्या मायेने चालवलेली फिल्म तिच्या हाताखालून कधी गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. तिसऱ्या रिळात एक फाटका भाग होता. तो त्या एकुलत्या एका थिएटरातल्या कुणा आळशी ऑपरेटरने जाडजूड जोडलेला होता. ताईच्या बोटाला तो जोड ठाऊक होता, दगडावरून चाक जावं तसा तो लागायचा. तिने रीळ फिरवलं. जोड आलाच नाही. तिने उलट फिरवलं, भिंग डोळ्याला लावलं, चौकट चौकट तपासली. शेवटी दिव्यासमोर फिल्म तिरकी धरली तेव्हा एक बारीक रेष दिसली. कुणीतरी तो जुना जोड सोडवून नवा घातला होता.

“मामा, हा जोड बघा.”

मामांनी बोट फिरवलं. डोळे मिटून पुन्हा फिरवलं.

“कुठे आहे?”

“इथे.”

त्यांनी भिंग ओढून घेतलं आणि पाहिलं. मग म्हणाले, “माझ्या उस्तादांचा हात असा नव्हता. कुणाचं काम गं हे?”

“तेच तुम्हाला विचारतेय.”

“हात धरून पाया पडावं असं आहे,” मामा कुजबुजले.

दुपारच्या चहाला ताई हे साहेबांना बोलून गेली. तक्रार म्हणून नव्हे. चांगलं काम दिसलं की माणूस चारजणांना सांगतो, तसं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. त्यांनी कप खाली ठेवला.

“प्रिंट बाहेर गेल्याची नोंद नाही. तरी ती चालली आहे म्हणता?”

“खूप चालली आहे.”

“मग कोठीतून ती नेली कुणी? किल्ली कुणाकडे असते, ताई?”

तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

चोरून प्रिंट नेणं आणि कुठेतरी परभारे खेळ लावणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. त्यात सापडलेल्या माणसाला पुढे कुणी दारातही उभं करत नाही. साहेबांनी सिनेमाच्या मालकाला कळवून टाकलं. मालकाचं उत्तर आलं : आमचा माणूस येऊन प्रिंट तपासेल. तशीही ती कुणाला नको आहे, तपासणी झाली की तोडून टाका. तोडायचं म्हणजे खरोखरच कुऱ्हाडीने. निकालात काढलेली फिल्म पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिचे तुकडे मालकाच्या माणसासमोर करायचे असतात. ते काम कोठीवाल्याचं, म्हणजे मामांचं.

घरी जाताना मामा नेहमीसारखेच हळूहळू चालत होते. ताई एक पाऊल मागे होती.

“मामा, मी तोंड उघडायला नको होतं.”

“वा गं वा! म्हणजे चालली असताना नाही चालली म्हणणार होतीस? मग तुला शिकवलं कशाला मी?”

“पण तुमचं नाव…”

“नाव माझं आहे, मी बघतो. तू तो जोड मारणारा शोध. जमलं तर त्याच्याकडून शिकून घे.”

साहेबांनी किल्ली आपल्या खिशात ठेवली. त्यांच्यासमोर ताईने मास्तरची सगळी रिळं फिरवून सुरुवात बाहेर काढली, मग त्यांनी डबे तारेने बांधले, तारेवर शिसं दाबून स्वतःची मोहर उठवली. काही दिवसांनी तिघांनी मिळून कोठी उघडली. तारा तशाच होत्या, शिसं तसंच होतं. साहेबांनी स्वतः तार कापली, ताईने झाकण उचललं.

शेवट बाहेर होता.

साहेबांच्या कपाळावर, त्या गारठ्यात, घाम आला. पण घाबरलेला माणूस आधी दोष द्यायला माणूस शोधतो. “मोहर काय, नकलीही करता येते,” ते म्हणाले. “यांच्या हातात कला आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग आम्हाला आत कोंडा,” ताई म्हणाली. “रीळ सरळ गुंडाळून, मोहर लावून डबा माझ्या मांडीवर द्या. दार बाहेरून तुम्ही लावा.”

भर दुपारी, बाहेर ओट्यावर गाड्या लागत-निघत असताना, ताई आणि मामा कोठीत दोन स्टुलांवर बसले. दार लागलं. दिवा जळत होता. फळ्यांवर डबे गोल पाठी करून शांत बसले होते. ताईने दोन्ही तळवे झाकणावर ठेवले. पत्रा गार होता, हात दुखावेत इतका गार.

थोडा वेळ दोघं घरच्या गोष्टी बोलले. ताईच्या भाचीचं लग्न, गळकी टाकी, आईचे गुडघे. मग बोलणं आपोआप थांबलं. मामांनी मान किंचित वर केली, माणूस लांबचं काही ऐकताना करतो तशी.

“काय?” तिने विचारलं.

“काही नाही गं. खेळ सुरू व्हायच्या आधी थिएटर कसं गप्प होतं, आठवतं? शंभर माणसं एकदम गप्प. रिकाम्या थिएटरची शांतता वेगळी असते.”

“आणि ही?”



तिच्या तळव्यांखाली पत्रा आता गार नव्हता. तिला वाटलं, आपल्याच हातांची ऊब असेल. तिने हात उचलून झाकणाच्या कडेला ठेवले, जिथे ते आधी नव्हते. तिथेही ऊब होती. डबा हलला नाही, आवाज झाला नाही. फक्त मांडीवर झोपलेल्या मांजराला असावी तेवढी ऊब त्याला आली, बराच वेळ राहिली आणि हळूहळू ओसरली.

साहेबांनी दार उघडलं. मोहर जशीच्या तशी होती. झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. केसांचं तेल, तंबाखू, ओले कपडे, भाजलेले शेंगदाणे. दाटीवाटीने बराच वेळ बसलेल्या माणसांचा वास. तो तिघांनाही आला.

रिळाचा शेवट बाहेर होता.

साहेब दोन पावलं मागे सरले. “तुम्ही मामा-भाची एकच आहात,” ते म्हणाले. “आता काय ते मालकाचा माणूसच ठरवेल. तो जे म्हणेल ते मी वर कळवणार.”

मालकाचा माणूस म्हणजे एक उंच, वाकलेले, पांढऱ्या केसांचे म्हातारे निघाले. ते संकलक होते. चित्रीकरण झाल्यावर फिल्मचे तुकडे कापून, जुळवून जो सिनेमा तयार करतो, तो संकलक. आणि मास्तर त्यांनीच तरुणपणी कापला होता. ताईने टेबलावर रीळ लावून दिलं. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि फिल्म चिमटीत धरली. ती धरायची रीत पाहूनच ताईला कळलं की या माणसापुढे काही लपणार नाही, आणि काही लपवायला नकोही.

“चालली आहे,” ते लगेच म्हणाले. “तुमचं खरं आहे, ताई. नुसती चालली नाही, एखादी गाजलेली फिल्म वर्षानुवर्षं चालावी तशी.” मग तिसऱ्या रिळातला तो जोड त्यांच्या बोटाखाली आला. ताईने सांगायच्या आधीच त्यांनी चकती थांबवली. “अहाहा,” ते हळूच म्हणाले. “हा कुणी मारला?”

“माहीत नाही, काका.”

“मामांनी?”

“मामा म्हणतात, त्यांना असा येत नाही.”

म्हाताऱ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी हात जोडून मान हलवली. “येत असता तर मीच मारला म्हणून छाती काढून सांगितलं असतं, काका. मग नोकरी गेली असती तरी चालली असती.”

म्हातारे हसले. पण हसू लवकरच मावळलं. “मला लिहावं लागेल,” ते म्हणाले. “प्रिंट कोठीत होती, किल्ली यांच्याकडे होती आणि प्रिंट चालली आहे. यातून दुसरा अर्थ निघत नाही. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, मामा. पण फिल्म खोटं बोलत नाही.”

“बरोबर आहे,” मामा म्हणाले. ताईला त्यांच्याकडे बघवेना.

“तोडायच्या आधी एकदा पडद्यावर बघू का?” म्हाताऱ्यांनी संकोचून विचारलं. “मी हा सिनेमा लोकांत बसून कधी पाहिला नाही. पाहायला गेलो होतो, पण लोकच नव्हते.”

गोदामाच्या एका टोकाला प्रिंट पडताळून पाहायची लहानशी खोली होती. समोर पडदा, मागे भिंतीत उंचावर सरकत्या काचेची खिडकी आणि खिडकीमागे यंत्रं. मध्ये कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरातून आणलेल्या लाकडी खुर्च्यांच्या रांगा. बसलं की खाली येणाऱ्या आणि उठलं की खट्कन मिटणाऱ्या. ताईने त्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या. एकेक फळी दाबून पुसायची आणि सोडली की ती वर जायची. सगळ्या मिटलेल्या होत्या. एका रांगेतल्या सगळ्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या होत्या.

“यंत्र मामा चालवतील,” म्हातारे म्हणाले. 

पुढच्या रांगेत म्हातारे बसले. त्याच रांगेत लांब, दाराजवळ, साहेब. ताई त्यांच्या लगेच मागच्या रांगेत एकटीच. मामांनी दिवे मालवले.

ताईने आयुष्यात हजारो मैल फिल्म चिमटीतून सोडली असेल, पण मास्तर तिने कधी पाहिला नव्हता. आता तिला कळलं की तो चांगला होता. साधा, सावकाश, आणि चांगला. मास्तर शाळेत जातो, बहीण दारात उभी राहते, आणि एवढ्यातच बघणाऱ्याचा जीव गुंतून जातो. पडदा स्वच्छ होता. एक रेघ नाही, एक थरथर नाही. मामा एका यंत्रावरून दुसऱ्यावर रीळ बदलत होते तेही कळत नव्हतं.

“आता बघा,” म्हातारे न वळता म्हणाले. “इथे मी हशासाठी जागा सोडली होती. मास्तर चष्मा शोधतो, बहीण तो त्याच्याच कपाळावरून उचलून देते. लोक हसतील आणि पुढचं वाक्य बुडेल, म्हणून मास्तरचा चेहरा थोडा जास्त वेळ ठेवला. दिग्दर्शक म्हणाले, एवढा कशाला? मी म्हटलं, बघाल तुम्ही. कधी कुणी हसलंच नाही. रिकाम्या थिएटरात ती जागा नुसती भोकासारखी दिसायची.”

पडद्यावर बहिणीने मास्तरच्या कपाळावरचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला. मास्तर पाहत राहिला.

खोलीत आवाज झाला नाही.

पण ताईची खुर्ची हलली. बारीक, भरभर. भरलेली रांग खळखळून हसली की लोखंडी पट्टीतून ते हसू जसं टोकापर्यंत येतं, तसं. मास्तरने तोंड उघडलं आणि ते थांबलं. पुढचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

पुढे म्हाताऱ्यांचा हात खुर्चीच्या हातावर घट्ट झालेला तिला दिसला. त्यांनी मागे पाहिलं नाही. तिनेही शेजारी पाहिलं नाही.

सिनेमा संपला. यंत्र थांबलं. दिवे लगेच लागले नाहीत. मग एक लागला, मंद.

साहेब घाईने बोलू लागले. “तर काका, प्रिंट चाललेली आहे हे तुम्ही पाहिलंत. आता मामांबद्दल काय ते तुम्ही…”

मागून कुठूनतरी आवाज आला. खट्.

साहेब बोलायचे थांबले.

खट्. खट्.

ते दारापाशी जायला उठले. “बसून राहा, साहेब,” वरून, काचेच्या खिडकीतून, मामांचा कुजबुजता आवाज आला. “आधी त्यांना बाहेर पडू द्या.”

ताईने आता मान वळवली. तिच्या मागच्या सगळ्या रांगांतल्या खुर्च्या खाली होत्या. एकजात सगळ्या. आणि त्या मिटत होत्या. घाई न करता, एकीमागून एक, दाराच्या बाजूने आतल्या बाजूला, थिएटर रिकामं होताना मिटतात तशा.

साहेब भिंतीला चिकटून उभे होते.

म्हातारे समोरच्या कोऱ्या पडद्याकडे पाहत होते. त्यांचे गाल ओले झाले होते. “मामा,” त्यांनी विचारलं, “ते हशाच्या जागी… तुम्हाला वरून काय दिसलं?”

“वरून फक्त डोकी दिसतात हो, काका,” मामा म्हणाले. “पण हसले. पोट धरून हसले.”

 सगळ्यात मागची रांग मिटली. मग म्हातारे साहेबांकडे वळले.

“मी असं लिहीन की प्रिंट कोठीतून बाहेर गेलेली नाही. किल्ली मामांना परत द्या, आत्ताच्या आत्ता. त्यांच्या नावावर कुणी एक अक्षर लिहायचं नाही. आणि कुऱ्हाड नको. जिथे होती तिथेच ठेवा.”

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. ती त्यांच्या हातून खाली पडली. मामा खिडकीमागून खाली उतरून आले, त्यांनी ती उचलली, गळ्यात घातली आणि स्वेटर शोधायला गेले. साहेब त्यांच्यामागोमाग जवळजवळ पळालेच. म्हातारे हळूहळू, दर पावलाला कुणाला तरी वाट देत असल्यासारखे, दारातून बाहेर पडले.

ताईला हसू येत होतं आणि रडूही. मामांचे हात स्वच्छ राहिले होते. ती उठणार तेवढ्यात तिचं लक्ष गेलं.

तिच्या रांगेत, तिच्या अगदी लगतची खुर्ची अजून खालीच होती.

दाराकडे जायची वाट तिच्यासमोरून होती. थिएटरात शेजारचा माणूस उठला की आपण जे करतो, तेच ताईने केलं. गुडघे जवळ घेतले, पाय आखडले आणि मागे टेकून बसली.

खुर्ची मिटली. खट् असा आवाज झाला नाही. फळी कुणीतरी हाताने धरून अलगद वर सोडावी तशी ती मिटली.

आणि तिच्या गुडघ्यांवरून, हलकेच, एका ओलसर साडीचा काठ घासून गेला.